अध्यापकाला एकटे सोडू नका

वर्ध्याला २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने नयी तालीमची योजना आखली, हे आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. पुढे त्या योजनेची काय दशा झाली, हेही ठाऊक आहे. परंतु एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मुलांचा अभ्यासक्रम लिहून समितीने हात झटकले नाहीत. तो शिकविणारा शिक्षक कसा घडवावा, याचाही तिने स्वतंत्र विचार केला. शिक्षण बदलायचे तर प्रथम शिक्षकाच्या पाठीशी उभे राहावे लागते, हे त्या पिढीने ओळखले होते. ती योजना शाळांसाठी होती. पण तिचा हा धडा सर्वांत अधिक विसरला गेला तो महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत.

सामाजिक न्याय हा शब्द आज हव्या त्या परिपत्रकात सापडतो. वर्गात मात्र काय घडते? आर्वी, कारंजा, समुद्रपूरकडच्या खेड्यांतून एस. टी.ने येणारा, घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेला विद्यार्थी बाकावर बसतो. ‘शिष्यवृत्तीवाल्यांनी उभे राहावे’ असे फर्मान सुटते आणि एका वाक्यात साऱ्या वर्गाला त्याची जात कळते. असे बोलणारा अध्यापक दुष्टच असतो असे नाही. आपण काय केले हे त्याला कोणी कधी दाखवून दिलेले नसते. या अज्ञानाला क्षुल्लक समजू नये. २०१६ साली हैदराबादेत रोहित वेमुला आणि २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी या तरुणांनी आपले जीवन संपविले, तेव्हा उच्च शिक्षणसंस्थांतील जातिभेदाचा प्रश्न साऱ्या देशापुढे उभा राहिला. चौकशा झाल्या, खटले उभे राहिले; अध्यापकाचे शिक्षण मात्र होते तेथेच राहिले.

अवमान टाळणे ही केवळ पहिली पायरी होय. शिकविण्याच्या विषयातच न्यायाचा प्रश्न दडलेला असतो. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांच्या मदत योजनेत विदर्भातील जे सहा जिल्हे आले, त्यांत वर्धा होता. त्याच जिल्ह्यातील अर्थशास्त्राच्या तासाला मागणी-पुरवठ्याचा सिद्धान्त कापसाचे नावही न घेता शिकविला जावा, याला काय म्हणावे? कापसाचा भाव कोण ठरवितो, वेचणाऱ्या बाईच्या हाती त्यातले किती पडते, बँकेचे दार कोणासाठी बंद होते आणि सावकाराचे कोणासाठी उघडते, हे प्रश्न विचारताच वर्ग जागा होईल. पण खरी कसोटी तेथूनच सुरू होते. त्याच वर्गात जमीनमालकाचा मुलगा असतो आणि त्याच गावच्या शेतमजुराची मुलगीही असते. दोघांची उत्तरे जुळणार नाहीत, आवाज चढतील. त्या क्षणी कोणालाही न दुखावता आणि सत्यही न लपविता चर्चा कशी पुढे न्यावी, हे कोणत्याही पदव्युत्तर पदवीत शिकविले जात नाही.

मार्ग शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली स्थापन केलेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी आरंभीचे काही दिवस आश्रमात राहतात, आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेऊन तेथील कुटुंबांचा अभ्यास करते. हे टिकले, कारण ते एखाद्या ध्येयवेड्या अध्यापकाच्या अंगावर टाकलेले नाही. ते वेळापत्रकात आहे. त्यामागे विभाग आहे आणि सहकारी आहेत. कला, वाणिज्य व विज्ञानाच्या प्राध्यापकाला असा आधार का मिळू नये?

काही मित्र म्हणतील, भरघोस पगार घेणाऱ्या प्राध्यापकांनी हे स्वतःच करावे. कायम पदावर असलेल्यांपुरता हा आक्षेप रास्त आहे. परंतु जो तासिका तत्त्वावर राबतो, ज्याला सुटीचे वेतन नाही आणि ज्याची नेमणूक दरवर्षी संस्थाचालकाच्या मर्जीवर लोंबकळते, त्याने वर्गात वादाचा प्रश्न काढावा तरी कसा? ज्याच्यावर रोज अन्याय होतो, त्याने न्याय शिकवावा ही अपेक्षा क्रूर आहे.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. रिक्त पदे कायमस्वरूपी भरली जावीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ साली सुरू केलेले उद्बोधन व उजळणी वर्ग केवळ पदोन्नतीच्या प्रमाणपत्रासाठी न राहता, त्यांतील काही दिवस अध्यापकांनी खेड्यात, वस्तीत व कामगारांमध्ये काढावेत. तासिका अध्यापकांनाही तेथे वेतनासह प्रवेश असावा. आणि प्रत्येक महाविद्यालयात अध्यापकांनी एकमेकांचे तास पाहून मोकळेपणाने बोलण्याची सोय असावी.

यातले सारेच शासनावर सोडून चालणार नाही. शेतमजुरांची मजुरी, रेशन, वनहक्क, सातबारा यांच्या लढाया लढणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांपाशी जे ज्ञान आहे, ते कोणत्याही ग्रंथालयात नाही. आपल्या तालुक्यातील दोन-चार अध्यापकांना गाठा. त्यांना मोर्चात ओढू नका, पत्रकावर सह्याही मागू नका. आपल्या गावी बोलवा, माणसांशी भेट घालून द्या. ते विचारतील त्या अवघड प्रश्नांना प्रामाणिक उत्तरे द्या. मग ते वर्गात काय सांगतात, हे त्यांच्या विवेकावर सोपवा. प्रचारक आपल्याकडे पुष्कळ आहेत; आज निकड आहे ती निर्भय शिक्षकांची.