फुल अँड फायनल

माझे काका मांडवाचे काम करतात. गेल्या वर्षी एका लग्नाचे त्यांचे बिल ४२,००० रुपये झाले. १५,००० आगाऊ मिळाले होते. उरलेल्या २७,००० पैकी २०,००० हातावर ठेवून यजमान म्हणाले, "बाकीचे नंतर बघू. पावती मात्र इंग्रजीत द्या." काकांनी मोठ्या अभिमानाने मला पुढे केले. पुतण्या इंग्रजी घेऊन बी.ए. करतो आहे ना!

मी ऐटीत लिहिले, 'रिसीव्ह्ड विथ थँक्स रुपीज ट्वेंटी थाउजंड ओन्ली इन फुल अँड फायनल सेटलमेंट.' हे शब्द कुठेतरी वाचले होते, भारदस्त वाटले होते. काकांनी रेव्हेन्यू तिकिटावर सही ठोकली. दोन महिन्यांनी ते ७,००० मागायला गेले, तेव्हा तीच पावती त्यांच्यापुढे धरण्यात आली. "हिशेब मिटला, असे तुम्हीच लिहून दिले आहे."

१८७२ च्या करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे धनकोला कमी रक्कम घेऊन सारे देणे फिटल्याचे मान्य करता येते. काकांच्या मनात तसे नव्हते, हे कोर्टात सांगता आले असते. पण सात हजारांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? बिलाखाली 'ई. अँड ओ. ई.' छापलेले होते. म्हणजे आपले 'चूकभूल द्यावी घ्यावी'. पण ते बिलातल्या चुकांपुरते. पुतण्याच्या अज्ञानाला ते लागू नाही!

खरे तर दोनच शब्द हवे होते : 'ऑन अकाउंट', म्हणजे हिशेबापोटी. आणि पुढे 'बॅलन्स ड्यू रुपीज सेव्हन थाउजंड ओन्ली'. यातही खाचखळगे आहेत. 'ऑन अकाउंट'ला 'ऑफ' चिकटले की अर्थ 'च्यामुळे' असा होतो. 'ओन्ली' म्हणजे 'एवढेच का?' असा तक्रारीचा सूर नव्हे. 'अक्षरी रुपये अमुक फक्त' मधला तो 'फक्त', पुढे कोणी आकडा वाढवू नये म्हणून घातलेली पाचर. बिल 'पे' करायचे असते, 'पे फॉर द बिल' लिहिले तर बिलाचा कागदच विकत घेतल्यासारखे होते.

हे सारे वाणिज्य शाखेचे काम, म्हणून आम्ही कलाशाखेची मंडळी नाक मुरडतो. सॉनेटच्या चौदा ओळींतला शब्दन् शब्द पारखायला आम्ही शिकतो, आणि चार ओळींची पावती डोळे मिटून लिहितो. माझ्या मते पावतीचा एक तास इंग्रजीच्या वर्गात व्हायलाच हवा. सॉनेटमधला शब्द चुकीचा समजला तर माझे गुण जातात; इथे काकांच्या मजुरांची मजुरी गेली.

काका मला एका शब्दानेही बोलले नाहीत. अजूनही पावत्या माझ्याकडूनच लिहून घेतात. फरक एवढाच, की सही करण्यापूर्वी आता विचारतात, "मराठीत सांग बघू, काय लिहिलेस?"