प्रतिस्पर्ध्याचे ॲप फलाटावर तपासा

पुणे–लोणावळा लोकलने रोज ये-जा करणाऱ्या पुष्कळांच्या मोबाईलमध्ये रेल्वेची दोन कामे दोन वेगळी ॲप करतात. तिकीट काढायचे ते रेल्वेच्या ॲपवर आणि गाडी कुठवर आली ते बघायचे दुसऱ्याच कुणाच्या तरी. रूळ रेल्वेचे, गाडी रेल्वेची, वेळापत्रकही रेल्वेचेच. तरी आपल्याच गाडीचा ठावठिकाणा सांगण्याच्या कामात रेल्वे मागे पडली आहे. 1 जुलै 2025 रोजी ‘रेलवन’ आले, तेव्हा तिकीट, आरक्षण, गाडीची स्थिती, तक्रार, जेवण असे सगळे एका छताखाली आणल्याचे सांगण्यात आले. मग लोकांनी दुसरे ॲप काढून का टाकले नाही, हे रेल्वेने शांतपणे तपासायला हवे.

हे प्रतिस्पर्धी कोण? ‘एम-इंडिकेटर’ सचिन टेके यांनी 2010 मध्ये मुंबईच्या लोकल प्रवाशांसाठी आणले. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्ज या छोट्या कंपनीचे. 2018 च्या डिसेंबरात गुगलने ती कंपनीच विकत घेतली. तिकीट यांच्यापैकी कुणाचे मुख्य काम नव्हते. प्रवाशाच्या दोन-तीन रोजच्या प्रश्नांची उत्तरे देण्यावरच दोघे मोठे झाले.

कचेरीत बसून अशी तुलना करायची ठरली की एक तक्ता तयार होतो. डाव्या बाजूला सोयींची यादी, उजवीकडे बरोबरच्या खुणा. या तक्त्यात रेलवन सहज पहिला येईल, आणि म्हणूनच तो तक्ता निरुपयोगी आहे. वापरण्यातली सोय संशोधनाचा विषय बनवणारे जेकब निल्सन सांगत आले की मोजक्या चार-पाच खऱ्या वापरणाऱ्यांसमोर वस्तू ठेवली तरी तिचे बहुतेक दोष उघडे पडतात. अट एवढीच, की ती माणसे खरोखर ते काम करणारी हवीत. आपल्याकडे ती कान्हे, कामशेत, मळवलीच्या फलाटांवर सापडतील: तळेगावच्या एमआयडीसीत पाळीला निघालेला कामगार, पुण्याच्या कॉलेजात जाणारी मुलगी, भाजीच्या पाट्या घेऊन चढणारी बाई, एकवीरेच्या दर्शनाला मळवलीला उतरलेले कोळी कुटुंब, रविवारी भुशी धरणावर निघालेली पोरे.

यांपैकी पासवाल्याला तिकिटाचे ॲप महिन्यातून एकदा लागते, गाडीची वेळ मात्र रोज. पर्यटकाचे नेमके उलटे. एकाच पहिल्या पडद्यावर दोघांना सारखेच सगळे दाखवले की दोघेही शोधत बसतात. त्यात मावळातला पाऊस. हातात छत्री, काच ओली, बोट नीट उमटत नाही, आडबाजूच्या स्थानकावर रेंज जाते-येते. अशा वेळी ‘व्हेअर इज माय ट्रेन’ नाव-गाव न विचारता उघडते, मराठीत चालते, वेळापत्रक मोबाईलमध्येच साठवलेले असते. गाडीत बसलेल्याला ते इंटरनेट आणि जीपीएस नसतानाही जवळच्या मोबाईल टॉवरवरून ठिकाण सांगते. रेलवनमध्ये शिरायला मात्र खाते, नाहीतर निदान मोबाईलवर आलेला ओटीपी लागतो. पैशांच्या व्यवहाराला ही खबरदारी योग्यच; पण पुढची लोकल किती वाजता, एवढे विचारायला ओळखपत्र कशाला?

तिकिटाच्या बाबतीत मात्र रेल्वेवर सरसकट खापर फोडणे अन्यायाचे होईल. 2014 च्या अखेरीस मुंबईत सुरू झालेल्या ‘यूटीएस’ ॲपपासून एक नियम चालत आला: कागदाविना तिकीट रुळांपासून ठरावीक अंतर दूर असतानाच काढायचे. प्रवाशाला हा नियम त्रासाचा वाटतो. गाडी समोर लागलेली असते, आणि ॲप सांगते की तुम्ही स्थानकाच्या आवारात आहात. ॲप बिघडले असे वाटून माणूस चिडतो. पण हे बंधन नसेल तर टीसी डब्यात दिसल्यावरच तिकीट काढणारे कमी नाहीत. मधला मार्ग म्हणून स्थानकात क्यूआर कोड लावले, तर त्यांच्या प्रती मोबाईलवरून फिरू लागल्या आणि मुंबईत रेल्वेला ते मागे घ्यावे लागले. म्हणजे इथला दोष पडद्याच्या मांडणीचा नसून नियमाचा आहे, आणि नियमाला कारण आहे. खासगी ॲपला ही डोकेदुखीच नाही. ते गुळगुळीत चालते यात नवल काय? सुधारायचे असेल तर नकाराचे वाक्य सुधारा. ‘तिकीट काढता येत नाही’ एवढ्यावर न थांबता खिडकी किंवा तिकीट यंत्र कुठल्या बाजूला आहे, तेही तिथेच सांगा. स्थानकापासून फार दूरूनही तिकीट काढता येत नसे; ही बाहेरच्या मर्यादेची जाचक अट रेल्वेने 2024 मध्ये काढली आणि घरबसल्या तिकीट शक्य झाले. किती पासवाल्यांना हे ठाऊक आहे?

प्रतिस्पर्ध्यांच्या उणिवाही मोजायला हव्यात. टॉवरची युक्ती डब्यातल्या माणसापुरती. फलाटावर ताटकळणाऱ्याला शेवटी इंटरनेटवरून येणाऱ्या माहितीवरच विसंबावे लागते. लोणावळ्यापुढच्या घाटाच्या बोगद्यांत तर टॉवरशी संपर्कच तुटतो. मेगाब्लॉकला ऐनवेळी लोकल रद्द झाली आणि पडद्यावर ती धावतच राहिली, तर जाब कुणाला विचारणार? जाहिरातींचा उपद्रव वेगळाच. उलट रेल्वेकडे इस्रोच्या मदतीने इंजिनांवर बसवलेली, दर तीस सेकंदांनी ठिकाण कळवणारी यंत्रणा आहे. एवढा कच्चा माल बाहेरच्या कुणाकडेच नाही.

लंडनच्या वाहतूक संस्थेने आपल्या गाड्यांची अशी माहिती आधी सर्वांना खुली केली. बाहेरच्यांनी तिच्यावर शेकडो ॲप बनवली, आणि संस्थेचे स्वतःचे ‘टीएफएल गो’ 2020 मध्ये आले. बाहेरच्यांची ॲप त्यामुळे बंद पडली नाहीत. आपल्याकडे तीच वाट धरायला हरकत नाही.

लोणावळा मार्गावर आणखी एक गोष्ट कोणतेही ॲप झाकू शकत नाही. दुपारी लोकलमध्ये पडणारा मोठा खंड ही इथल्या प्रवाशांची जुनी तक्रार आहे. पडदा कितीही देखणा केला तरी पुढची गाडी दोन-तीन तासांनी असेल तर प्रवासी ॲपलाच शिव्या घालणार. तो खंड भरणे हे वेळापत्रक आखणाऱ्यांचे काम. पण तोवर निदान तो ठळकपणे, मराठीत, खाते न मागता दाखवावा, म्हणजे माणूस एसटीचा तरी विचार करील.

रेलवन बनवणाऱ्या ‘क्रिस’ला आमची विनंती एवढीच आहे: पुढची आवृत्ती काढण्याआधी तुमचे अभियंते आठवडाभर कामशेतच्या फलाटावर पाठवा. त्यांच्या हाती दोन्ही ॲप द्या, आणि तीही जुलै महिन्यात.