रिपोर्टमधला तो ठळक आकडा

सवलतीतलं 'फुल बॉडी चेकअप' करून घेतलंत, तब्येत ठणठणीत, तरीही रिपोर्टमध्ये एक-दोन आकडे ठळक अक्षरांत आले आणि झोप उडाली. तुमचं असं झालं असेल तर घाबरण्याआधी एक साधं गणित बघा.

आकड्याशेजारी छापलेली 'नॉर्मल रेंज' बहुतेक तपासण्यांत कशी ठरते? बऱ्याच निरोगी माणसांचं रक्त तपासतात आणि त्यातल्या मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या मर्यादेत येतात, ती नॉर्मल रेंज. म्हणजे धडधाकट माणसांपैकीही वीसात एकजण रेंजबाहेर जाणार, हे आधीच ठरलेलं. त्याला झालेलं काहीच नसतं.

आता एकदम वीस तपासण्या केल्यात तर? सगळ्याच रेंजमध्ये येण्याची शक्यता म्हणजे ०.९५ चा वीस वेळा गुणाकार, साधारण ३६ टक्के. उरलेले ६४ टक्के निरोगी लोक किमान एक ठळक आकडा घेऊन घरी जातील! (हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिटसारख्या काही तपासण्या एकमेकींना बांधलेल्या असतात, त्यामुळे प्रत्यक्षात प्रमाण थोडं कमी भरतं.) पॅकेज साठ-सत्तर तपासण्यांचं असेल तर सगळं नॉर्मल येणं हाच अपवाद म्हणायचा.

साखर आणि कोलेस्टेरॉलला मात्र हा हिशोब लावू नका. त्यांच्या मर्यादा पुढच्या धोक्यावरून ठरवलेल्या आहेत. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली, तर 'वीसातला एक असेन' म्हणून सोडून द्यायचं नाही, पुन्हा तपासायचं.

माझं मत स्पष्ट आहे: त्रास नसताना सरसकट पॅकेज घेऊ नका. एका ठळक आकड्यामागे सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन, मग आणखी काही, अशी रांग लागते. पैसे जातात ते वेगळेच, घरात महिनाभर काळजी मुक्कामाला असते. त्यापेक्षा वय, वजन, व्यसन, घरातले आजार बघून मोजक्याच तपासण्या करा. सरकारी कार्यक्रमातही तिशीनंतर रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग एवढ्यांवरच भर आहे.

आणि रिपोर्ट हातात आलाच असेल, तर डॉक्टरांना विचारा: आकडा किती बाहेर आहे, जरासा की दुप्पट? मागच्या वर्षी किती होता? त्यासाठी जुने रिपोर्ट रद्दीत न घालता सोबत आणा.