पडीक रानातला शिंजीर

सरकारी कागदावर एखाद्या जमिनीपुढे 'पडीक' असा शेरा पडला की ती जमीन फुकट गेली, असे आपण धरून चालतो. केंद्र सरकार पडीक जमिनींचे जे नकाशे काढते, त्यांत झुडपी रानही पडीक म्हणूनच मोजले जाते. हा शेरा किती खोटा आहे, हे एक बोटभर पक्षी आपल्याला दाखवून देतो. त्याचे नाव शिंजीर. काही जण त्याला सूर्यपक्षी म्हणतात.

हा पक्षी चिमणीपेक्षाही लहान. वजन जेमतेम ८-१० ग्रॅम. चोच बारीक, लांब आणि खाली वळलेली. जीभ नळीसारखी, त्यामुळे फुलाच्या तळाशी असलेला मध त्याला ओढून घेता येतो. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या दिवसांत सावलीत काळा दिसतो, पण उन्हात आला की निळा-जांभळा झळकतो. मादी साधी, पाठीने मातकट आणि पोटाने पिवळसर. हंगाम सरला की नरही आपला झगमगता पोशाख उतरवतो. तेव्हा गळ्यापासून पोटापर्यंत एक काळा पट्टा तेवढा उरतो.

हा पक्षी आपल्या चाळीतल्या जास्वंदीवरही येतो. पण त्याचे खरे घर डोंगरउतारावरचे आणि माळावरचे झुडपी रान. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळा डोंगर करपलेला दिसतो, तेव्हा धायटीची पाने गळून फांद्यांना लालभडक नळीदार फुले लगडतात. कोरड्या मुलखात नेपतीचे बिनपानांचे काटेरी झुडूप लाल फुलांनी भरते. झाडाच्या फांदीवर बांडगूळ फुलते. हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पण शिंजिराला त्याच्या फुलांत भरपूर मध मिळतो. मध पिताना फुलातले पराग त्याच्या कपाळाला चिकटतात आणि पुढच्या फुलाला पोचतात. त्यातून फळ धरते, बी तयार होते. म्हणजे हा पाहुणा फुकटचा खाऊन जात नाही.

मात्र नुसत्या मधावर पिल्ले वाढत नाहीत. त्यांना अळ्या, किडे, कोळी लागतात, आणि ते झुडपांतच सापडतात. घरटेही कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी विणलेले असते. सालीचे तुकडे आणि काटक्याकुटक्या त्यात गुंफून मादी ते एकटी बांधते. फांदीला टांगलेल्या पिशवीसारखे ते दिसते आणि दारावर लहानसे छप्परही असते. अंडी बहुधा दोन. ती दोन आठवडे मादीच उबवते. पिल्लांना भरवायला मात्र नर मदतीला येतो.

आता मुद्द्याचे सांगतो. 'पडीक' शेरा पडला की तिथे 'झाडे लावा' असा हुकूम निघतो. आपल्या राज्यात २०१७ ते २०१९ या काळात ५० कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला. त्यातली ३३ कोटी एकट्या २०१९ साली लावायची होती. झाडे लावण्याला आमचा विरोध नाही. उघड्या रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, वस्तीत ती जरूर लावावीत. पण धायटी, करवंद, बोरी उपटून त्याच जागी मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प लावायचे, याला हिरवळ वाढवणे कसे म्हणावे? दाट सावली झाली की उन्हात वाढणारी झुडपे हटतात. तीच गत दरसाल लावल्या जाणाऱ्या वणव्याची.

यात नुकसान एकट्या पाखराचे नाही. याच रानातली करवंदे आणि बोरे टोपलीत घेऊन आपल्या कितीतरी आया-बहिणी बाजार गाठतात. धायटीची फुले आसवे-अरिष्टे करायला लागतात, म्हणून तीही गोळा करून विकली जातात. शेळ्यांचा चारा तिथला, चुलीचे सरपणही तिथलेच. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याला या रानाचा आधार असतो.

तेव्हा गावी गेलात आणि माळावर खड्डे खणण्याचा बेत कानावर आला, तर ग्रामसभेत उभे राहून विचारा : इथे आज काय उगवते? त्यावर कोणाचे पोट चालते? आधी त्याची यादी करा, मग खड्डे खणा. शहरात असाल तर एवढे करा : खिडकीजवळच्या वेलीला किंवा कपडे वाळवायच्या तारेला शिंजिराचे घरटे लटकलेले दिसले, तर महिनाभर ते हलवू नका. मुलांना लांबूनच दाखवा, हात लावू देऊ नका. आणि तो पक्षी मूळचा कुठल्या रानातला, हेही त्यांना सांगा. उद्या त्या रानापुढे कोणी 'पडीक' लिहिले, तर ते खोडायला हीच मुले पुढे येतील.