माडी चढवावी कीं खोली बांधावी?

नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस गेलेले बंधु निवृत्त होऊन सहकुटुंब गांवीं परतूं लागले, म्हणजे जुन्या वाड्यावर माडी चढविण्याचा विचार निघतो. पूर्णाकांठच्या येलदरीस, किंबहुना साऱ्या मराठवाड्यांतच, हा विचार सावधपणें करावयास हवा.

इकडील जुन्या घरांच्या भिंती रुंद असतात खऱ्या. परंतु दगड मातींत रचलेले, दोन्ही थर सांधणारे लांब दगड क्वचित्, आणि वर माळवदाच्या मातीचा भार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत अशाच भिंती कोसळून हजारों माणसें झोपेंतच गाडलीं गेलीं. रुंदीवरून भिंतीचें बळ ठरवूं नये. जुन्या भिंतींवर नवें वजन न टाकतां, जाणत्या स्थापत्यविशारदाच्या सल्ल्यानें परसांत स्वतंत्र पायाची खोली बांधणें आम्हांस इष्ट वाटतें.

दुसरा पाया कराराचा. खर्च एकाचा आणि जागा सर्वांची, येथेंच पुढें मनें फाटतात. २००५ च्या कायदेदुरुस्तीनंतर हिंदु एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतींत कन्येसही पुत्राइतकाच हक्क आहे. तेव्हां सासरच्या भगिनींसही बैठकीस बोलावून, खोली कोणाची व खर्चाची भरपाई कशी, हें कुदळ मारण्यापूर्वीं लिहून ठेवावें. भावाभावांत लेख कशास, असें वडील मंडळी म्हणतील. पण त्यांच्या पश्चात् मुलांना तोच लेख उपयोगीं पडेल.