इंजिनाचें घनफळ किती असावें?

आमच्या नगरांत हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा राहिलेला नाहीं. वाळूज येथें १९८५ सालापासून बजाज कंपनीचा कारखाना आहे. शेंद्र्यास २००१ सालापासून स्कोडाच्या मोटारींची जुळणी होते. अशा गांवांतला मुलगा दहावीस पोंचतो न पोंचतो तोंच “गाडी किती सीसीची?” असें विचारूं लागतो, यांत नवल नाहीं. नवल याचें कीं, जुनें इंजिन खोलून पुन्हां बांधावयाची वेळ आली म्हणजे जाणतीं माणसेंसुद्धां पहिल्यानें हेंच विचारतात. इंजिन उघडलेंच आहे, तर घनफळ जितकें वाढेल तितकें वाढवून घ्यावें, अशी एक समजूत सर्वत्र पसरलेली दिसते. ती आम्हांस मान्य नाहीं. हा आंकडा शेवटीं ठरवावयाचा असतो, आरंभीं नव्हे.

तो आंकडा येतो कोठून, हें भूमितीच्या तासास लक्ष देणाऱ्या विद्यार्थ्यास कठीण वाटूं नये. सिलिंडरचा आंतला व्यास म्हणजे बोअर. पिस्टन वरून खालीं जितका सरकतो तें अंतर म्हणजे स्ट्रोक. वर्तुळाचें क्षेत्रफळ काढून त्यास स्ट्रोकनें व सिलिंडरांच्या संख्येनें गुणिलें कीं झालें. स्कोडाची जुनी ऑक्टेव्हिया आर. एस. ही गाडी वेगाचे षौकी आजही शोधीत फिरतात. तिच्या इंजिनाचा बोअर ८१ मिलिमीटर, स्ट्रोक ८६.४, सिलिंडर चार. घनफळ १७८१ घन सेंटिमीटर. आतां बोअर पूर्ण एक मिलिमीटरनें वाढविला तर घनफळ १८२५ होतें, म्हणजे लाभ अवघा अडीच टक्क्यांचा. त्याच कुळांतील दोन लिटरच्या इंजिनाप्रमाणें बोअर ८२.५ व स्ट्रोक ९२.८ केला, तर तें १९८४ वर जातें. लाभ अकरा टक्क्यांचा झाला खरा. परंतु त्यासाठीं क्रँक निराळा, पिस्टन निराळे, आणि मिनिटास ७००० फेऱ्या होत असतां पिस्टनचा सरासरी वेग सेकंदास २०.२ मीटर होता तो २१.७ झाला. वेग वाढला म्हणजे कनेक्टिंग रॉडवरील ओढ वाढली. म्हणून फेऱ्यांची मर्यादा खालीं आणणें भाग पडतें.

मोठ्या घनफळाची एक बाजू मात्र प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. टर्बो तोच ठेविला तरी मोठें इंजिन त्यास लवकर फिरवितें, आणि ओढ कमी फेऱ्यांवरच मिळूं लागते. दौलताबादेहून खुलताबादेकडे चढतांना ती जाणवेल. पण वरच्या टोकाची शक्ति टर्बो किती हवा पुरवितो त्यावर ठरते. छाती रुंद केली आणि नाक तेंच ठेविलें, तर धांवणाऱ्याचा दम कितीसा वाढणार?

आमच्या मुलांस अधिक जवळचें उदाहरण बजाजच्या पल्सरचें. २००१ सालीं निघालेल्या पहिल्या दोन पल्सरांत स्ट्रोक एकच, ५६.४ मिलिमीटर. एकीचा बोअर ५७, म्हणून घनफळ १४३.९, दुसरीचा ६३.५, म्हणून १७८.६. पुढें २००७ सालीं त्याच स्ट्रोकवर बोअर ६७ करून जवळजवळ १९९ चें इंजिन झालें, आणि २२० साठीं स्ट्रोकही ६२.४ केला. हें वाचून कोणी म्हणेल, लहान गाडीवर मोठीचा सिलिंडर चढविला कीं काम झालें. गॅरेजांतून असें म्हणणारे भेटतातही. त्यांनीं एवढेंच गणित करावें. लहान इंजिनाचें दाबाचें गुणोत्तर ९.५ धरिलें, तर जळण्याची जागा सुमारें १७ घन सेंटिमीटर येते. हेड बदललें नाहीं व पिस्टनचा माथा तसाच राहिला, तर मोठ्या बोअरमध्यें तेंच गुणोत्तर ११.५ च्या वर जातें. मराठवाड्याच्या मे महिन्यांत असें इंजिन टकटक करूं लागतें, आणि शेवटीं पिस्टनचा माथा जळतो. कारखान्यानें घनफळ वाढविलें तेव्हां तेल थंड करणारा कूलरही दिला, तो शोभेसाठीं नव्हे.

सरकारासही या आंकड्याचें प्रेम आहेच. २०२५ च्या सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलीस १८ टक्के कर, त्यापुढें ४०. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीपत्रांतील तपशीलाशीं विसंगत असा बदल मालकानें करूं नये, आणि घनफळ हें त्या पत्रांत लिहिलेलें असतें. सर्वोच्च न्यायालयानेंही २०१९ च्या जानेवारींत हेंच बजाविलें. अपघात झाला व विमा कंपनीनें इंजिन मोजावयास माणूस धाडिला, तर भुर्दंड बहुधा वडिलांस पडतो. केवळ शर्यतीसाठीं गाडी बांधावयाची असेल तर गोष्ट वेगळी. पण तेथेंही वर्ग घनफळावरून पडतात, आणि हौसेनें घेतलेला एक मिलिमीटर गाडीस आपल्याहून बलवान गाड्यांच्या पंगतीस नेऊन बसवितो.

मग करावें काय? सिलिंडर प्रथम बोअर-गेजनें वरतीं, मध्यें व खालीं, दोन आडव्या दिशांनीं मोजावा. झीज किती, सिलिंडर लंबगोल किती झाला, हें कळल्यावर ती झीज पुसून टाकणारा सर्वांत लहान वाढीव पिस्टन घ्यावा. हे पिस्टन बहुधा ०.२५, ०.५०, ०.७५ व १.०० मिलिमीटर अशा पायऱ्यांनीं मिळतात. पहिल्याच वेळीं शेवटच्या पायरीवर उडी मारणाऱ्यानें पुढच्या तिन्ही दुरुस्त्या एका दिवसांत खर्चून टाकिल्या असें समजावें. भिंत पातळ झाली ती पुन्हां जाड होत नाहीं. वांचलेला पैसा हेड नीट बसविण्यांत, क्रँकचा तोल साधण्यांत व थंडाईच्या व्यवस्थेंत घालावा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागानें काम करणारे हात चिकलठाण्यास व वाळूजला आहेत. इंडो-जर्मन टूल रूमसारखी संस्था गांवांत असतां काम अंदाजानें करण्याचें कारण उरत नाहीं. आणि नवा पिस्टन हातीं येण्यापूर्वीं सिलिंडर बोअर करण्यास देऊं नये. डब्यावर छापलेलें माप व पिस्टनचें खरें माप यांत कधीं कधीं फरक निघतो, आणि बोअर पिस्टन मोजूनच करावयाचा असतो.