ताळा करणाऱ्याला हसू नका

"जिनिव्हाचे शास्त्रज्ञ तोंडावर आपटले. नवा कण म्हणे! पैशाचा नुसता चुराडा." असं आपल्या नात्यातलीच शिकलीसवरलेली मंडळी बोलतात, म्हणून आज स्पष्टच लिहितो.

आधी झालं काय ते पाहू. बी-मेसॉन हा क्वार्क आणि प्रतिक्वार्क मिळून झालेला अल्पायुषी कण. तो फुटताना क्वचित इलेक्ट्रॉनची जोडी निघते, क्वचित म्युऑनची. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचाच सुमारे २०० पट जड भाऊ. वजन सोडलं तर निसर्ग या भावांत दुजाभाव करत नाही, असं प्रचलित सिद्धांत सांगतो. पण मार्च २०२१ मध्ये सर्नच्या एलएचसीबी प्रयोगात इलेक्ट्रॉनच्या १०० जोड्यांमागे म्युऑनच्या सुमारे ८५च भरल्या. निव्वळ योगायोगाने असं घडण्याची शक्यता हजारात एक! यामागे लेप्टोक्वार्कसारखा एखादा नवा कण असेल का, या चर्चेला जोर आला. अ‍ॅटलस आणि सीएमएस या शेजारच्या प्रयोगांनी त्याचा थेट शोध घेतला. (सीएमएसमध्ये आपल्या मुंबईच्या टीआयएफआरची माणसंही आहेत बरं का.) तो काही सापडला नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये त्याच एलएचसीबीने जाहीर केलं, की फेरमोजणीत फरक उरला नाही. भलतेच काही कण इलेक्ट्रॉन म्हणून मोजले गेले होते.

आता सांगा, तोंडावर कोण आपटलं? या शास्त्रात शोध म्हणायला सुमारे पस्तीस लाखांत एक इतकी खात्री लागते. २०१२ मध्ये हिग्ज त्या कसोटीला उतरला. हजारात एक म्हणजे फक्त इशारा, आणि इशारा मिळाल्यावर शोधायचंच नाही तर करायचं काय? न सापडण्यातूनही कळतंच, की असा कण असलाच तर तो प्रोटॉनच्या हजारपटीहून जड असणार. शिवाय टाऊ या तिसऱ्या, सर्वांत जड भावाचं २०१२ पासूनचं कोडं अजून सुटलेलं नाही.

खर्चाचा जाब जरूर विचारा. पण ज्याने स्वतःच ताळा केला, तो चुकला हे स्वतःच चारचौघांत सांगितलं, त्याला हसू नका. वर्गात असा मुलगा मिळाला तर शिक्षक धन्य होतो! जाहीर केलेलं भाकीत असं उघडपणे मागे घेणारा एक तरी ज्योतिषी नाहीतर पुढारी मला दाखवा. मग खुशाल हसा.